निबंध व छायाचित्र स्पर्धा : सीमाभागातील विद्यार्थी आणि वार्ताहरांसाठी खरोखर खुल्या कोणत्या?

खानापुरी वार्ताहर

ऑगस्ट ते फेब्रुवारी हा आपल्याकडे स्पर्धांचा हंगाम असतो. १९ ऑगस्टच्या जागतिक छायाचित्रण दिनाला फलक फिरू लागतात. मग टपाल खात्याची पत्रलेखन स्पर्धा येते, ६ जानेवारीच्या पत्रकार दिनाचे पुरस्कार येतात आणि २७ फेब्रुवारीच्या मराठी भाषा गौरव दिनापर्यंत शाळा-महाविद्यालयांत निबंधांचे गठ्ठे जमा होत राहतात. कडोली, येळ्ळूर, उचगाव, सांबरा या बेळगावजवळच्या गावांच्या साहित्य संमेलनांचे दिवसही याच काळातले. आपल्याकडे तर पत्रकारांचे दिवसही दोन आहेत. १८३२ साली 'दर्पण' हे पहिले मराठी वृत्तपत्र निघाले म्हणून ६ जानेवारी, आणि १८४३ साली 'मंगळूर समाचार' हे पहिले कन्नड वृत्तपत्र निघाले म्हणून कर्नाटकाचा १ जुलै. त्यामुळे निमंत्रणांची कमतरता कधीच नसते.

माझी अडचण निराळी आहे. फलकावर ठळक अक्षरांत 'विद्यार्थी व पत्रकारांसाठी खुली स्पर्धा' असे छापलेले असते आणि नियमावलीच्या मध्यावर कुठेतरी 'स्पर्धक महाराष्ट्राचा रहिवासी असावा' ही अट सापडते. दुसरीकडे, बेंगळुरूहून जाहीर होणाऱ्या बहुतेक स्पर्धा कन्नड किंवा इंग्रजी लेखनाच्या असतात. मराठी माध्यमात दहावीपर्यंत शिकलेल्या मुलाने निबंध पाठवायचा कोठे? तालुक्याच्या गावाहून मानधनावर बातम्या पाठवणारा माझ्यासारखा माणूस, ज्याच्याकडे कोणत्याच सरकारचे मान्यतापत्र नाही, तो या स्पर्धांच्या लेखी पत्रकार ठरतो का? आणि वृत्तपत्रात छापून आलेले छायाचित्र मी पुढे स्पर्धेला पाठवू शकतो का? जाणकारांनी या प्रश्नांपुरते लिहावे. सीमाप्रश्नाची चर्चा इतर धाग्यांवर भरपूर झालेली आहे, ती येथे नको.

चंदगडी

वार्ताहर साहेब, तुमच्या अडचणीची उलटी बाजू मी सांगतो. माझे घर चंदगड तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात, आणि महाविद्यालय बेळगावात, २०१० साली स्थापन झालेल्या राणी चन्नम्मा विद्यापीठाशी संलग्न. 'महाराष्ट्राचा रहिवासी' एवढीच अट असलेल्या स्पर्धेत मी बसतो. परंतु 'महाराष्ट्रातील महाविद्यालयात शिकणारा विद्यार्थी' अशी अट असली की मी बाहेर पडतो. माझ्या वर्गात खानापूरची एक मुलगी होती, ती पुढे कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात गेली. तिचे नेमके माझ्या उलट होते. मागे आम्ही दोघांनी एकच फलक वाचून एकाच स्पर्धेला निबंध पाठवले होते. तिचा स्वीकारला गेला आणि माझा वाचण्यापूर्वीच बाजूला ठेवला गेला, कारण सोबतचे बोनाफाईड प्रमाणपत्र कर्नाटकातले होते. आयोजकांच्या मनात काही वाईट होते असे मला वाटत नाही. अट लिहिताना आपल्यासारखी माणसे त्यांच्या डोळ्यांसमोर नसतात, इतकेच. त्यामुळे विषय वाचण्यापूर्वी पात्रतेचे कलम वाचावे, आणि त्यात 'रहिवासी' म्हटले आहे की 'शिकणारा', हे बोट ठेवून पाहावे.

निपाणीच्या बाई

मी हायस्कूलला मराठी शिकवते आणि तालुका पातळीवरच्या निबंधांचे परीक्षणही करते. वार्ताहर भाऊंच्या पहिल्या प्रश्नाचे माझे उत्तर असे की, प्रथम टपाल खात्याकडे वळावे. जागतिक टपाल संघाची आंतरराष्ट्रीय पत्रलेखन स्पर्धा ९ ते १५ वयोगटासाठी असते. ती १९७१ पासून चालू आहे, भारतात ती टपाल खाते घेते आणि राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील भाषांत, म्हणजे मराठीतही, लिहिण्याची मुभा देते. दुसरी 'ढाई आखर'. तिच्यात १८ वर्षांपर्यंतचे आणि १८ वर्षांवरील असे दोन गट असतात, म्हणजे विद्यार्थी, पालक आणि पत्रकार सगळेच भाग घेऊ शकतात. अंतर्देशीय पत्रावर ५०० शब्दांपर्यंत आणि लिफाफ्यातून १००० शब्दांपर्यंत हाताने लिहायचे असते, आणि स्थानिक भाषा चालते. या दोन्हींत महाराष्ट्राचा की कर्नाटकाचा हा प्रश्नच उद्भवत नाही. आपले पत्र कर्नाटक परिमंडळाकडे, म्हणजे बेंगळुरूला जाते हे ऐकून पालक बिचकतात. मराठी पत्र तेथे कोण वाचणार, असे मला दरवर्षी विचारले जाते. नियमानेच भाषा मान्य केली असेल तर वाचणारा नेमणे हे खात्याचे काम आहे, आपण त्याची काळजी करू नये.

इंग्रजीत बऱ्यापैकी लिहिणाऱ्या मुलांसाठी रॉयल कॉमनवेल्थ सोसायटीची निबंध स्पर्धा आहे. ती १८८३ पासूनची, १४ वर्षांखालील आणि १४ ते १८ अशा दोन गटांत होते. राष्ट्रकुलातील देशाचे नागरिकत्व तेवढे लागते, राज्य कोणी विचारत नाही.

आता परीक्षक म्हणून थोडे. आमच्याकडे येणाऱ्या गठ्ठ्यातले बहुतेक निबंध 'भारत हा कृषिप्रधान देश आहे' किंवा 'आजच्या धकाधकीच्या जीवनात' अशा वाक्याने सुरू होतात, चौथ्या परिच्छेदात एक सुभाषित येते आणि शेवटी 'चला तर मग आपण सारे' अशी हाक येते. असे निबंध वाचून झाल्यावर कोणता कोणाचा हे परीक्षकाला सांगता येत नाही, आणि गुण सगळ्यांना सारखेच पडतात. एका वर्षी 'माझ्या गावाचा व्यवसाय' हा विषय होता. एका मुलीने आईच्या विडीकामावर लिहिले. रात्री पाने ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायची, सकाळी पत्र्याचा साचा ठेवून कात्रीने कापायची, चिमटीने तंबाखू घालून वळायचे, वरचे तोंड नखाने दुमडायचे आणि दोऱ्याने बांधायचे. २५ विड्यांचा एक कट्टा, मजुरी हजारावर, आणि मुकादमाने नापास करून बाजूला काढलेल्या विड्यांचे पैसे नाहीत; मात्र त्या विड्या परतही मिळत नाहीत. एवढे लिहून तिने पुढे प्रश्न केला होता की नापास विड्या जातात कोठे. शुद्धलेखन यथातथाच होते. आम्ही तिघा परीक्षकांनी एकमताने तिला पहिला क्रमांक दिला, आणि त्यावर एका सहकाऱ्यांनी 'निबंधात अलंकार नाहीत' अशी तक्रारही केली! मुलांना माझे सांगणे एवढेच असते की निपाणीच्या मुलाने तंबाखूवर, कणकुंबीच्या मुलाने पावसावर आणि वडगाव-शहापूरच्या मुलाने मागावर लिहावे, कारण ते पुण्याच्या मुलाला लिहिता येणार नाही.

रामतीर्थनगर

बाई, हल्ली संगणकाकडून लिहून घेतलेले निबंध येतात, त्यांचे तुम्ही काय करता?

निपाणीच्या बाई

तपासण्याचे कोणतेही यंत्र आम्ही वापरत नाही, कारण मराठीसाठी त्यांच्यावर विसंबावे असे मला वाटत नाही. पहिल्या दहा जणांना आम्ही शाळेत बोलावतो आणि त्यांच्याच निबंधातल्या एखाद्या वाक्यावर दोन प्रश्न विचारतो. ज्याने लिहिले आहे ते मूल लाजत का होईना, पण लिहिलेल्यापेक्षा जास्त सांगते.

टिळकवाडीचा छायाचित्रकार

छायाचित्रांबद्दल मी लिहितो. मी लग्नसमारंभांवर पोट भरतो आणि उरलेल्या वेळेत स्पर्धांना पाठवतो. काही स्थानिक स्पर्धांत परीक्षकही होतो. 'आपला जिल्हा' असा विषय दिला की निम्मी छायाचित्रे गोकाकच्या धबधब्याची येतात. सुमारे ५२ मीटरवरून कोसळणारी घटप्रभा पावसाळ्यात भव्य दिसते हे खरे, परंतु सगळे जण त्याच कठड्यापाशी उभे राहून तेच चित्र काढतात. वैशाखातील शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीचेही तसेच होते. प्रत्येक जण चित्ररथाचे समोरून चित्र घेतो, आणि त्यात एलईडीच्या जांभळ्या उजेडात चेहरे जळून जातात. मला आठवणारे चित्र वेगळेच होते. ट्रॅक्टरच्या मागच्या चाकाला टेकून बसलेला बारा-तेरा वर्षांचा मावळा मोबाइलच्या पडद्यात पाहून सुटलेली मिशी पुन्हा चिकटवत होता, आणि चित्रातला सगळा उजेड त्या पडद्याचा होता. ते मोबाइलवरच काढलेले होते.

मोबाइलचे चित्र स्पर्धेला चालते का, असे विद्यार्थी नेहमी विचारतात. हिशेब सरळ आहे. १२ बाय १८ इंची छपाई ३०० डीपीआयने, म्हणजे इंचाला ३०० ठिपक्यांनी, करायची तर ३६०० बाय ५४०० पिक्सेल, म्हणजे १९ मेगापिक्सेलहून थोडे अधिक लागतात. २०० डीपीआयने भागत असेल तर साडेआठ-नऊ मेगापिक्सेल पुरतात, आणि प्रदर्शनात भिंतीवर दोन हात अंतरावरून पाहायच्या चित्राला तेवढे पुष्कळ होते. घात होतो तो व्हॉट्सॲपमुळे. त्यावरून साधे पाठवलेले छायाचित्र लहान होते आणि ते कोणत्या कॅमेऱ्याने, कधी काढले याची आतली नोंदही पुसली जाते. आयोजकांनी व्हॉट्सॲपवरच मागितले असेल तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावे. मूळ फाइल कोणत्याही परिस्थितीत पुसू नये, कारण मोठ्या स्पर्धा शेवटच्या फेरीत तीच मागतात. १९५५ साली सुरू झालेल्या ॲमस्टरडॅमच्या वर्ल्ड प्रेस फोटो स्पर्धेत २०१५ साली अंतिम फेरीच्या आधीच्या टप्प्यावर पोहोचलेल्यांपैकी सुमारे २० टक्के चित्रे मूळ फाइलशी ताडून पाहिल्यावर बाद झाली होती.

त्याच वर्षीची दुसरी गोष्ट तर वार्ताहरांनी पाठच करावी. जोव्हानी त्रोइलो या इटालियन छायाचित्रकाराला बेल्जियममधील शार्लरवा या शहरावरील मालिकेसाठी मिळालेला पहिला पुरस्कार काढून घेण्यात आला, कारण मालिकेतील एक चित्र प्रत्यक्षात ब्रुसेल्समधील मोलेनबेकचे निघाले. पुरस्कार गेला तो छायाचित्राखालच्या ओळीतील गावाच्या नावामुळे. आपल्याकडे गोडचिनमलकीच्या धबधब्याचे चित्र 'गोकाक धबधबा' म्हणून सर्रास छापले जाते, ते पाहून मला दरवेळी त्रोइलो आठवतात. पहिला मार्कंडेय नदीवर आहे, दुसरा घटप्रभेवर.

बनावटीबद्दलही सांगतो. २०१७ सालच्या वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर स्पर्धेतील मुंगीखाऊचे विजेते चित्र लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमने २०१८ मध्ये बाद केले, कारण तो प्राणी पेंढा भरलेला असल्याचा निष्कर्ष तज्ज्ञांनी काढला. २०२३ मध्ये बोरिस एल्डागसेन या जर्मन कलावंताने सोनी स्पर्धेतला पुरस्कार स्वतःहून नाकारला आणि आपले चित्र कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेले आहे असे जाहीर केले. तेव्हापासून बहुतेक नियमावल्यांत त्याविषयी एक वेगळे कलम आलेले दिसते. उजेड-अंधार सुधारणे चालते. विजेची तार पुसणे, मावळतीचा सूर्य बसवणे वृत्तछायाचित्रात चालत नाही.

कोठे काढता येते हेही पाहावे. बेळगावात लष्करी छावणी आहे, मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र आहे आणि सांबऱ्याला विमानतळासोबत हवाई दलाचे ठाणे आहे. त्यामुळे ड्रोन उडवण्यापूर्वी डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावरील नकाशा पाहणे भाग आहे. २५० ग्रॅमपर्यंतच्या ड्रोनला परवान्यातून सूट असली तरी लाल क्षेत्रातून, म्हणजे परवानगीशिवाय उड्डाणाला बंदी असलेल्या भागातून, सूट नाही. भीमगड अभयारण्यात वनखात्याची परवानगी लागते. किल्ल्यातील कमल बस्तीसारख्या संरक्षित स्मारकात हातातल्या कॅमेऱ्याला सहसा कोणी हटकत नाही, पण तिपाई लावायची असेल तर आधी विचारावे.

याच स्मारकांच्या निमित्ताने विकी लव्हज मॉन्युमेंट्स सुचवतो. ही स्पर्धा २०१० साली नेदरलँड्समध्ये सुरू झाली, सप्टेंबरमध्ये होते, वय आणि गाव विचारत नाही, शुल्क घेत नाही आणि जुनी छायाचित्रेही स्वीकारते. भारताचा गट त्या वर्षी आहे ना, हे मात्र पाहून घ्यावे. हलशीच्या कदंबकालीन मंदिरांची चांगली छायाचित्रे तेथे गेली तर मला आनंद होईल. परंतु ती मुक्त परवान्याखाली द्यावी लागतात, म्हणजे नाव देऊन कोणीही, अगदी व्यवसायासाठीसुद्धा, ती वापरू शकतो आणि दिलेला परवाना परत घेता येत नाही.

न्यायालय मार्ग

मी वकिली करतो. छापून आलेल्या छायाचित्राच्या हक्कांविषयीचा वार्ताहरांचा प्रश्न प्रतिलिपी अधिकार (कॉपीराइट) कायदा, १९५७ च्या कलम १७ मध्ये येतो. वृत्तपत्राच्या नोकरीत असलेल्या पत्रकाराने नोकरीचा भाग म्हणून, छापण्यासाठी केलेल्या लेखनाचा वा छायाचित्राचा हक्क मालकाकडे जातो, पण तो वृत्तपत्र-नियतकालिकात प्रसिद्ध करण्यापुरता. वेगळा करार नसेल तर बाकी सर्व बाबतींत तो पत्रकाराकडेच राहतो. म्हणजे नोकरीतील छायाचित्रकाराला तेच चित्र प्रदर्शनाच्या स्पर्धेला पाठवण्यास हे कलम आड येत नाही. त्याचा नेमणुकीचा करार मात्र आड येऊ शकतो, म्हणून तो आधी वाचावा. मानधनावरचा वार्ताहर नोकरीत नसतो, तेव्हा त्याचे स्वतःहून काढलेले चित्र त्याचेच असते. परंतु 'अमुक कार्यक्रमाचा फोटो काढून द्या, इतके पैसे देतो' असे सांगून काढून घेतलेल्या छायाचित्राचा पहिला मालक, उलट करार नसल्यास, पैसे देणारा ठरतो. टिळकवाडीच्या मित्रांना हे लग्नाच्या चित्रांबाबत लागू पडते. वधूवरांना विचारल्याशिवाय ती स्पर्धेला पाठवू नयेत.

स्पर्धांच्या नियमावलीतील 'प्रवेशिकांचे सर्व हक्क आयोजकांकडे राहतील' हे वाक्य मला फार खटकते. पाच हजारांचे एक बक्षीस जाहीर करून शेकडो छायाचित्रे कायमची फुकटात गोळा करण्याचा तो मार्ग होऊन बसला आहे. कलम १९ प्रमाणे हक्काचे हस्तांतर लेखी आणि देणाऱ्याच्या सहीचे असावे लागते. त्यात मुदत लिहिलेली नसेल तर ५ वर्षे, आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरते, असे कायदा मानतो. शिवाय कलम ५७ मुळे हक्क दिल्यानंतरही आपले नाव लावण्याची मागणी लेखकाला करता येते. स्पर्धेच्या प्रसिद्धीसाठी ठरावीक मुदतीची परवानगी मागणे योग्य आहे. त्यापलीकडे मागणाऱ्या ठिकाणी मी माझ्या मुलीची चित्रेही पाठवत नाही.

खानापुरी वार्ताहर

वकील साहेब, फार मोलाची माहिती दिलीत. मान्यतापत्राचा प्रश्न मात्र अजून राहिला आहे.

जुना उपसंपादक

त्याचे उत्तर मी देतो. सरकारी मान्यता ही प्रवास सवलत, अधिवेशनाचे प्रवेशपत्र अशा गोष्टींसाठी असते. खासगी संस्थांच्या बहुतेक स्पर्धांना ती लागत नाही. 'पत्रकार' सिद्ध करायला संपादकांचे पत्र आणि नाव छापलेली कात्रणे पुरतात. तालुका वार्ताहरांची खरी अडचण येथेच होते, कारण बातमी 'वार्ताहर, खानापूर' या ओळीखाली येते आणि नाव कोठेच नसते. म्हणून चांगली बातमी छापून आली की त्याच आठवड्यात, ती आपली आहे असे संपादकांकडून तारखेसह लिहून घ्यावे. वर्षभराने मागायला गेले तर संपादक बदललेले असतात. कात्रण कापताना वृत्तपत्राचे नाव, आवृत्ती आणि तारीख असलेली पट्टी सोबत ठेवावी. प्रसिद्धीचा कालावधीही तपासावा. बहुतेक पुरस्कार एका ठरावीक वर्षात छापलेलेच लेखन घेतात. रामनाथ गोएंका पुरस्कारांसारख्या राष्ट्रीय पुरस्कारांत प्रादेशिक भाषांसाठी विभाग असतो. तेथे मराठी वृत्तपत्र बेळगावचे आहे की मुंबईचे, याने फरक पडत नाही.

एक तांत्रिक बाब. आपली मंडळी अजूनही श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये टंकलेखन करून तीच फाइल मेलने पाठवतात. समोरच्या संगणकावर तो फाँट नसेल तर परीक्षकाला नुसती चिन्हे दिसतात आणि लेख न वाचताच बाद होतो. युनिकोडमध्ये बदलून, जोडाक्षरे एकदा नजरेखालून घालून, सोबत पीडीएफ जोडावी.

रामतीर्थनगर

शुल्क घेणाऱ्या स्पर्धांचे काय? माझ्या भाचीला 'राष्ट्रीय निबंध स्पर्धे'त सुवर्णपदक मिळाले आणि मग पदक पाठवण्यासाठी पैसे मागितले गेले. तिच्या वर्गातल्या सगळ्या स्पर्धकांना सुवर्णपदकच मिळाले होते.

जुना उपसंपादक

परीक्षकांची नावे, मागील वर्षाचे निकाल आणि आयोजकांचा पत्ता या गोष्टी जेथे नाहीत तेथे शुल्क भरू नये. निकालानंतर पैसे मागणारी स्पर्धा ही स्पर्धाच नव्हे. शुल्क असलेल्या सगळ्याच वाईट असतात असे मात्र नाही. छायाचित्रणाच्या काही नामांकित स्पर्धा प्रौढांकडून शुल्क घेतात आणि मुलांना विनामूल्य ठेवतात.

खानापुरी वार्ताहर

सर्वांचे आभार. रहिवासाच्या अटीबद्दल आयोजकांना आधीच विचारणा करावी असे ठरवून मी मसुदा केला आहे. 'महोदय, आपल्या स्पर्धेच्या पात्रतेत महाराष्ट्राचा रहिवासी ही अट आहे. कर्नाटकातील बेळगाव, खानापूर, निपाणी या भागांत मराठी माध्यमात शिकणारे विद्यार्थी व मराठी वृत्तपत्रांसाठी लिहिणारे वार्ताहर मोठ्या संख्येने आहेत. त्यांच्या प्रवेशिका स्वीकारल्या जातील काय, हे अंतिम तारखेपूर्वी लेखी कळवावे.' यात काही सुचवायचे असल्यास सांगावे.

चंदगडी

माझ्यासारखे यातून पुन्हा सुटतात. महाराष्ट्रात राहून कर्नाटकात शिकणारे, असेही घाला.

न्यायालय मार्ग

आणि 'स्वीकारल्या जातील काय' असे मोघम विचारू नका. त्याला 'विचाराधीन' असे उत्तर येते. शेवटचे वाक्य असे करा : 'पात्रतेचा पुरावा म्हणून कर्नाटकातील शाळा-महाविद्यालयाचे इंग्रजी वा कन्नड बोनाफाईड प्रमाणपत्र, अथवा वार्ताहराच्या बाबतीत संपादकांचे पत्र, ग्राह्य धरले जाईल किंवा नाही, हे अंतिम तारखेच्या १५ दिवस आधी लेखी कळवावे.'

खानापुरी वार्ताहर

दोन्ही बदल केले. पत्र उद्या स्पीड पोस्टाने आणि मेलने, दोन्हीकडून पाठवतो. उत्तर आले की येथेच टाकीन.